होकायंत्रापासून लांब ठेवलेला रेडिओ

१२ डिसेंबर १९०१ या दिवशी अटलांटिक महासागराच्या एका किनाऱ्यावर, पतंगाला बांधून वर सोडलेल्या तारेच्या आधाराने, पलीकडच्या किनाऱ्यावरून बिनतारी यंत्राने पाठवलेली तीन टिंबे ऐकू आली, असा दावा करण्यात आला. ऐकणारी माणसे दोनच होती आणि दोघेही एकाच पक्षाचे. संदेश कागदावर उमटवणारे यंत्र त्या वेळी वापरलेले नव्हते. कानाला लावायचे एक साधन तेवढे होते. दावा झाला, हे निर्विवाद आहे. प्रत्यक्षात काय ऐकू आले, याबद्दल अभ्यासकांचे अजूनही एकमत नाही.

पुढे ज्या गृहस्थांविषयी लिहिले आहे त्यांचा या घटनेशी संबंध नाही. मात्र त्यांच्या बाबतीत ऐकणारा एकच होता, आणि पुरावा याहूनही तोकडा आहे.

बंदरावर त्यांना होकाकाका म्हणत. लोखंडी जहाजावरच्या होकायंत्राचा काटा जितके उत्तरेचे ऐकतो, तितकेच जहाजाच्या लोखंडाचेही ऐकतो. म्हणून जहाज खाडीच्या मोकळ्या पाण्यात न्यायचे, एकेका दिशेला तोंड करून सावकाश गोल फिरवायचे, प्रत्येक दिशेला काटा किती चुकतो ते पाहायचे, आणि होकायंत्राच्या पेटीत चुंबकाच्या कांड्या बसवून ती चूक मारून टाकायची, हे काकांचे आयुष्यभराचे काम. "जहाज खोटं बोलतंच. कुठल्या दिशेला किती बोलतं, एवढंच आपण बघायचं," असे ते म्हणत.

या कामात संशय हे हत्यार असते आणि काकांनी ते कधी म्यानात ठेवले नाही. जहाजावर चढताच ते कप्तानापासून सुकाणूवाल्यापर्यंत सगळ्यांचे खिसे रिकामे करायला लावत. एका जहाजाचे होकायंत्र फक्त दुपारी चुकत असे. तज्ज्ञ येऊन गेले, काही सापडेना. काकांनी दिवसभर मुक्काम ठोकला आणि दुपारी होकायंत्रामागच्या भिंतीपलीकडे जाऊन पाहिले, तर जहाजावरचा स्वयंपाकी सावली बघून लोखंडी बादली पालथी घालून बसला होता. ही गोष्ट मला तीन जणांनी सांगितली. एकाच्या मते ती बादली होती, दुसऱ्याच्या मते कढई. तिसऱ्याने स्वयंपाक्यालाच वजा करून तिथे नांगर ठेवला. तेव्हा तिच्यावर किती विसंबायचे ते वाचकाने ठरवावे.

निवृत्तीनंतर हा संशय घरी राहायला आला. पत्नी आधीच गेली होती. काका मुलीकडे राहत. घर दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदराचा लहान धक्का दिसणारे. मुलगी रोगनिदान प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने घेण्याचे काम करी. ती सांगते, "बाबा घरात आले की आधी फ्रिजकडे संशयाने बघायचे, मग आमच्या ह्यांच्याकडे. फ्रिजच्या दारात चुंबक असतं, हे मी समजू शकते. ह्यांनी काय केलं होतं, ते मला कधी कळलं नाही."

तिच्या 'ह्यांनी' काय केले होते ते काकांच्या लेखी अगदी स्पष्ट होते. जावयाने एकदा जेवताना होडीची लांबी विचारली होती.

होडी हा काकांचा जीव की प्राण होता. लाकडी, एका शिडाची, तांब्याचे खिळे ठोकून बांधलेली. लोखंड औषधालाही नव्हते. मागच्या बाजूला सुकाणूच्या दांड्याशेजारी काकांचे स्वतःचे होकायंत्र बसवलेले. आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी जहाजे सुधारल्यावर एक खरे बोलणारे आपल्याला मिळाले, असे ते धक्क्यावर सांगत. रोज सकाळी खाडीच्या तोंडाबाहेर जायचे आणि दुपार उलटली की परतायचे, एवढाच त्यांचा दिवस.

एका वसंतात एके दिवशी ते वेळेवर परतले नाहीत. बाहेर अचानक वारा उठला आणि काका एका खडकाळ बेटाच्या आडोशाला दगडाचा नांगर टाकून अंधार पडेपर्यंत बसून राहिले. मुलगी धक्क्यावर उभी होती. ते भिजून चिंब परत आले. बोलणे दुसऱ्या दिवशी झाले, आणि ते तिला शब्दशः आठवते.

"हवामानाची बातमी दिवसातून चार वेळा लागते, बाबा. ती ऐकली असती तर गेलाच नसता."

"माझे डोळे आहेत."

"डोळे आहेत, पण ते बेटामागे होते. ऐका. छोटा रेडिओ घ्या. होडीत बातमी नीट ऐकू येईल असा. नसेल ऐकू येत तर होडी विकू."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? घेईल कुणीतरी."

"गिऱ्हाईक ठरलंय वाटतं."

"बाबा, मी दिवसभर लोकांचं रक्त काढते आणि घरी आले की तुम्ही माझं पिता."

अट अशी होती. काकांनी ती मान्य केली, पण ज्या क्षणी केली त्याच क्षणी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. बंदराजवळ रेडिओचे दुकान एकच, आणि तो रेडिओवाला जावयाचा शाळेतला वर्गमित्र होता.

रेडिओवाला आजही त्याच दुकानात बसतो. अरुंद खोली, एका भिंतीला उघडे पडलेले संच, टेबलावर तारांना डाग देण्याची तापती सळई आणि तिचा तो जळका वास. तो सांगतो, काका आत आले, नमस्कार नाही, चमत्कार नाही, खिशातून हाताएवढे होकायंत्र काढले आणि काचेवर मांडलेल्या प्रत्येक रेडिओजवळ नेऊ लागले. काटा प्रत्येकाकडे वळत होता.

"यांच्यात चुंबक आहे."

"काका, आवाज ज्यातून येतो त्या भोंग्यात चुंबक असतंच."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आत येऊन दोन मिनिटं झाली नाहीत."

त्याने तीन संच पुढे ठेवले. एक मोठा, पट्टा लावून खांद्याला अडकवायचा. दुसरा आकडे दाखवणारा. तिसरा तळहाताएवढा, साध्या चकतीचा, सांध्यांना रबर लावलेला. मोठा काकांनी लगेच बाजूला सारला; भोंगा मोठा म्हणजे चुंबक मोठे. आकडेवालाही नको म्हणाले. "आकडा दिसला की माणूस ऐकणं सोडतो." लहान संचावर नभोवाणी केंद्र लावून त्याची दांडी त्यांनी वर ओढली, खाली केली, पुन्हा ओढली.

"आवाजात फरक पडत नाही."

"या केंद्रासाठी ती दांडी लागतच नाही. ती दुसऱ्या केंद्रांसाठी. हवामानवालं केंद्र आतल्या काळ्या कांडीवर पकडतं. कांडीभोवती तार गुंडाळलेली असते."

"म्हणजे बाहेरची दांडी शोभेची आणि कामाची आत लपवलेली."

"लपवलेली नाही हो. आत आहे."

मग काकांनी दुकानातले फिरते स्टूल मागितले, संच त्यावर ठेवला आणि जहाज फिरवावे तसा सावकाश गोल फिरवला. पुरता एक फेरा होईपर्यंत आवाज दोनदा खोल गेला, समोरासमोरच्या दोन दिशांना. रेडिओवाल्याने समजावले की कांडीचे टोक केंद्राकडे झाले की संचाला कमी ऐकू येते, आडवी असली की नीट येते. यात बिघाड काही नाही.

"म्हणजे हा दोन दिशांना बहिरा आहे."

"थोडासा फिरवला की ऐकतो."

"होडी नेमकी त्याच दोन दिशांना जाणार. आणि इथे शहरात काय, केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. इथे तर चमचासुद्धा बातम्या सांगेल. धक्क्यावर चल."

रेडिओवाल्याने दुकानाला कुलूप लावले. "गिऱ्हाईक आहे म्हणून नाही गेलो," तो म्हणतो. "ते गेलेच नसते दुकानातून." धक्क्याला बांधलेल्या होडीत दोघे बसले, रेडिओवाल्याने संच हातात धरला आणि दुपारची हवामानवार्ता पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वच्छ ऐकू आली. धक्क्यावर दोर आणि गळ विकणारी मावशी या प्रसंगाची साक्षीदार आहे. ती म्हणाली, "आवाज माझ्या टपरीपर्यंत येत होता. काकांचं तोंड मात्र असं, जसं कुणी फसवून गोड खायला घातलंय."

काकांनी लहान संच घेतला. घरी जाऊन मागचे झाकण उघडले आणि सुईने आत एक बारीक रेघ ओढली. उद्या कुणी संच बदलला तर कळावे, हा हेतू.

पहिल्याच दिवशी खाडीच्या तोंडाबाहेर रेडिओ मुका झाला. नुसती खरखर. दुसऱ्या दिवशी तेच. काकांनी झाकण उघडून पाहिले. रेघ जागच्या जागी होती. म्हणजे संच बदललेला नव्हता. याचा अर्थ, त्यांच्या हिशेबाने, तो पहिल्यापासूनच धक्क्यापुरता चालेल असा करून दिलेला होता.

"बोलवता धनी कोण आहे?" त्यांनी दुकानात विचारले.

"कसला धनी?"

"तू आणि आमचा जावई एका बाकावर बसायचात ना?"

"तो माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. आणि माझी शाई सांडायचा. काका, संच द्या इकडे."

संच दुकानात नीट वाजला. धक्क्यावर वाजला. समुद्रात पुन्हा मुका. काकांनी संच दोनदा परत आणला. दुसऱ्या वेळी रेडिओवाल्याने तो पूर्ण खोलला, आणि झाकणाच्या आत स्वतःही एक रेघ ओढून ठेवली, कारण आता त्याला वाटू लागले होते की काका त्याला दुसराच कुठला तरी बिघडलेला संच दाखवत आहेत. हा रेडिओ माझ्या हाती आला तेव्हा मला आत दोन रेघा दिसल्या. दुसरीचा खुलासा मिळायला बराच वेळ गेला.

इकडे घरात मुलीचा धीर संपत आला होता. मुलीने रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायचा, "आज ऐकू आलं?" आणि काकांनी पेपर वर धरायचा. रविवारी ती म्हणाली, "या आठवड्यात नाही जमलं तर मी धक्क्यावर 'होडी विकणे आहे' अशी पाटी लावते." काका उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ होडीकडे पाहत राहिले. मुलीला ते दिसले. ती म्हणते, तिने शब्द मागे घेतले नाहीत, कारण त्या वसंतात धक्क्यावर ती उभी होती, ते नव्हे.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले ते भांडायला नव्हे. ते नुसते स्टुलावर बसले. रेडिओवाल्याने मग स्वतःहून सांगितले, "मला होडीतून न्या. पण रोज जाता तसं. माझ्यासाठी काही वेगळं करायचं नाही."

रेडिओवाल्याचा जन्म बंदरात गेला होता, पण पाण्यावर तो फक्त तसबिरीत शोभला असता. धक्क्याला बांधलेल्या होडीत बसणे त्याला जमले होते. या वेळी तो होडीच्या काठाला घट्ट धरून, डोळे क्षितिजावर रोखून बसला, कारण तसे केले की बोट लागत नाही असे मावशीने सांगितले होते. मावशीने हे थट्टेने सांगितले होते की खरे, हे ती आजही सांगत नाही. त्यामुळे निघताना काकांनी काय केले ते त्याच्या नजरेतून निसटता निसटता राहिले.

काकांनी रेडिओ अॅल्युमिनियमच्या जुन्या जेवणाच्या डब्यात ठेवला. कानात घालायची तार झाकणाच्या रबराखालून बाहेर काढली. डब्याच्या दोन्ही कड्या दाबून बसवल्या आणि डबा पार पुढच्या टोकाला, होकायंत्रापासून जितका लांब नेता येईल तितका लांब, सरकवून दिला.

"हे काय?" रेडिओवाल्याने क्षितिज सोडून विचारले, आणि लगेच पस्तावला.

"त्याच्यात चुंबक आहे. होकायंत्राजवळ ठेवू होय? शिवाय पाणी उडतं."

"पण डबा?"

"डबा तपासलाय मी. काटा जरासुद्धा हलत नाही त्याच्याने. लोखंडी डबा असता तर आणलाच नसता. हा आहे की नाही, हे काट्याला कळतसुद्धा नाही."

हीच ती चूक. ती करायला होकायंत्राच्या कामात जन्म घालवावा लागतो. एरवी कुणीही रेडिओ खिशात ठेवला असता. काकांसाठी जगातल्या वस्तूंचे दोन वर्ग होते, काट्याला फसवणाऱ्या आणि न फसवणाऱ्या. अॅल्युमिनियम दुसऱ्या वर्गात येत असल्याने ते संशयातून सुटले होते. कदाचित आयुष्यात तेवढेच एक सुटले असेल.

रेडिओवाला हातापायांवर पुढे गेला आणि त्याने डब्याच्या कड्या उघडल्या. तार काकांच्या कानात होती. त्यांचा हात सुकाणूवर थांबला. झाकण बंद झाले. पुन्हा उघडले. पुन्हा बंद.

"काय येतंय?" रेडिओवाल्याने विचारले.

"बाई गातेय."

"आणि आता?"

"गेली."

"काका, धातूच्या बंद डब्यात लहरी शिरतच नाहीत. मग धातू लोखंड असो नाहीतर अॅल्युमिनियम. हा रेडिओ तुम्ही रोज कोंडून नेत होतात."

काकांनी सुकाणू त्याच्या हाती दिले, स्वतः पुढे गेले, आणि झाकण बराच वेळ उघडत-मिटत राहिले. सुकाणू त्याच्या हाती आल्यामुळे होडी गोल फिरू लागली. रेडिओवाल्याचे म्हणणे आहे की काका तेव्हा फक्त एकदा म्हणाले, "मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं." पुढचे त्याला आठवत नाही, कारण त्यानंतर तो काठावरून वाकलेला होता.

प्रश्न मात्र संपला नव्हता. डबा नको, तर रेडिओ कुठे ठेवायचा? खिशात ठेवला तर तो होकायंत्राच्या कुशीत येणार. बातमी खरी ऐकू आली तर दिशा खोटी होणार. काकांनी सबंध सकाळ धक्क्यावर घालवली. रेडिओ होकायंत्राजवळ न्यायचा, लांब न्यायचा, काटा कुठे शांत होतो ते पाहायचे. मग त्याच जागी तो गोल फिरवून केंद्र कुठे नीट लागते ते ऐकायचे. शेवटी डोलकाठीवर एक जागा अशी निघाली की तिथे काटाही गप्प आणि केंद्रही बोलते. मावशीने शिडाच्या कापडाची थैली शिवून दिली. रेडिओ तीत घालून डोलकाठीला टांगायचा आणि लांब तार कानापर्यंत आणायची. संध्याकाळी मुलीने विचारले, "आज ऐकू आलं?" काकांनी पेपर खाली केला आणि हवामानवार्ता तोंडपाठ म्हणून दाखवली, वाऱ्याच्या दिशेसकट. त्या आठवड्यात पाटी लागली नाही.

जावयाने त्या रात्री जेवताना सांगितले की त्याने होडीची लांबी विचारली होती ती वरून घालायचे आच्छादन शिवून घेण्यासाठी. काकांनी ते ऐकून घेतले. विश्वास ठेवला की नाही, याची नोंद कुठेही नाही. आच्छादन मात्र शिवले गेले, आणि काकांनी ते चारही बाजूंनी होकायंत्र फिरवून तपासले.

आता ज्या दिवसासाठी हे सगळे लिहिले, त्याकडे वळतो.

पुढच्या वर्षी, लख्ख सूर्यप्रकाश असताना, काका भर दुपारी परत आले. नेहमीपेक्षा कितीतरी लवकर. त्यांनी होडी दुहेरी दोराने बांधली आणि घरी गेले. तासाभरात असा वारा सुटला की बाहेर राहिलेल्या दोन होड्या बंदराच्या बोटीला ओढून आणाव्या लागल्या. मुलगी धावत घरी आली, तर काका मोरीत पाय धूत होते.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बारा वाजताच्या बातमीत सांगितलं."

"काय सांगितलं नेमकं?"

"की घरी जा."

मुलीने ती बातमी प्रयोगशाळेत ऐकली होती. तिच्या म्हणण्यानुसार तीत समुद्र शांत राहील असे म्हटले होते. इशारा त्यानंतरच्या बातमीत आला. हे तिने वडिलांना कधीच सांगितले नाही. का, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "माझी अट काय होती? हवामान कळायला हवं. कळलं होतं ना?" होडी शेवटपर्यंत काकांकडे राहिली.

मावशी एक गोष्ट अधिक सांगते. त्या सकाळी तिने थैलीचे तोंड नव्या सुतळीने, आपल्या हाताने, आपल्या पद्धतीच्या गाठीने बांधले होते. काका परतले तेव्हा गाठ तशीच होती, म्हणजे थैली उघडलेलीच नव्हती. ती कुणाला बोलली नाही. "माणूस घरी आला होता. गाठीचं काय घेऊन बसता?" यावर रेडिओवाल्याचे म्हणणे असे की संच चालू करायची चकती कापडावरूनही चाचपून फिरवता येते; त्याने मला ती तशी फिरवून दाखवली. कानाची तार त्या दिवशी थैलीबाहेर होती की आत, हे मावशीला आठवत नाही. मुलीच्या आठवणीतही दोन दिवसांची सरमिसळ झालेली असू शकते. ती स्वतः हे नाकारत नाही. नभोवाणी केंद्राला विचारले असता त्या काळातील हवामानवार्तांच्या ध्वनिफिती जपून ठेवलेल्या नाहीत, असे उत्तर मिळाले.

तेव्हा एवढे निश्चित म्हणता येते की काका वाऱ्याआधी परतले. बारा वाजताच्या बातमीत काय होते, ते माहीत नाही. त्या दुपारी रेडिओ चालू होता का, ते माहीत नाही. काका बातमी ऐकून परतले, आकाश पाहून परतले, की समुद्र शांत राहील असे सांगणाऱ्या बातमीवरच त्यांचा विश्वास बसला नाही म्हणून परतले, हेही माहीत नाही.